इन्शुलिनची सुई रोज त्याच जागी?

मधुमेहासाठी इन्शुलिन घेणाऱ्या माणसाचा दिवस आकड्यांनी भरलेला असतो. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ चाचणी, सकाळचे युनिट, रात्रीचे युनिट... या साऱ्याची नोंद अनेक घरांतून नेमाने ठेवली जाते. मात्र सुई शरीरावर नेमकी कोठे टोचली, याची नोंद सहसा कोठेच नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘सकाळी २०, रात्री १४’ असे लिहिलेले असते. जागेचा उल्लेख असलाच तर ‘पोटावर’ एवढाच. परिणामी रुग्ण एक सोयीची जागा ठरवून घेतो आणि वर्षानुवर्षे तेथेच सुई टोचत राहतो.

या सवयीतून त्वचेखाली चरबीच्या गाठी तयार होतात. त्या दुखत नाहीत, म्हणून लक्षातही येत नाहीत. पण त्यांत टोचलेले इन्शुलिन कधी रक्तात पुरेसे उतरत नाही, तर कधी अवेळी उतरते. पथ्य पाळूनही साखर चढते, कारण सापडत नाही म्हणून मात्रा वाढवली जाते, आणि एके दिवशी तीच वाढलेली मात्रा गाठ नसलेल्या जागी टोचली गेली की साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. म्हणूनच इन्शुलिन किती घ्यायचे याइतकाच ते कोठे घ्यायचे, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सुईची जागा हा औषधाच्या मात्रेचाच एक भाग आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. या सर्वांना इन्शुलिन लागत नाही. ‘टाइप १’ मधुमेहात मात्र त्याला पर्याय नाही. ‘टाइप २’च्या अनेक रुग्णांना काही वर्षांनंतर गोळ्यांच्या जोडीला ते सुरू करावे लागते, तर काही स्त्रियांना ते गरोदरपणापुरते घ्यावे लागते. त्यामुळे रोज टोचून घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि जवळजवळ प्रत्येक शहरी कुटुंबाच्या परिचयात असे कोणी ना कोणी असतेच.

त्वचेखाली काय घडते?

इन्शुलिन हे प्रथिन आहे. ते तोंडावाटे घेतले तर जठरातील व आतड्यातील पाचकरस इतर प्रथिनांप्रमाणे त्याचेही तुकडे करतात. म्हणून ते टोचून घ्यावे लागते. टोचायचे ते त्वचा आणि स्नायू यांच्यामध्ये असलेल्या चरबीच्या थरात. स्नायूत गेले तर ते फार वेगाने शोषले जाते आणि साखर एकाएकी उतरू शकते. केवळ त्वचेत राहिले तर ते बाहेर पाझरते किंवा नीट शोषले जात नाही.

कुपीतील साध्या इन्शुलिनचे रेणू एकेकटे नसतात. जस्ताच्या आधाराने सहा-सहा रेणूंचे झुबके झालेले असतात. त्वचेखाली गेल्यावर हे झुबके हळूहळू सुटतात. आधी दोन-दोन आणि मग एकेक रेणू मोकळा होतो. असे लहान झालेले रेणू चरबीच्या थरातील केशवाहिन्यांत शिरून रक्तात मिसळतात. साधे इन्शुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास घ्यायला सांगतात, त्याचे कारण हेच. झुबके सुटायला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. अलीकडच्या जलद इन्शुलिनमध्ये रेणूची रचना किंचित बदललेली असल्याने हे काम लवकर होते, तर दीर्घकाळ चालणाऱ्या इन्शुलिनमध्ये ते मुद्दाम लांबवलेले असते.

हा सारा हिशेब निरोगी चरबीचा थर गृहीत धरून मांडलेला असतो. थर बदलला की वेळापत्रकही बदलते.

गाठ का होते?

साखर पेशींत पोहोचवणे एवढेच इन्शुलिनचे काम नाही. चरबी साठवण्याचा आदेशही तेच देते. शरीरात तयार होणारे इन्शुलिन रक्ताबरोबर सगळीकडे फिरते. टोचलेले इन्शुलिन मात्र काही काळ एकाच ठिकाणी दाट प्रमाणात राहते. रोज त्याच दोन-चार चौरस सेंटीमीटर जागेवर हा प्रयोग झाला की तेथील चरबीच्या पेशी फुगत जातात. सुईच्या वारंवार होणाऱ्या जखमांची त्यात भर पडते. हळूहळू तेथे रबरासारखा, कधी मऊ तर कधी घट्ट असा उंचवटा तयार होतो. वैद्यकीय भाषेत याला ‘लायपोहायपरट्रॉफी’ म्हणतात. काही गाठी नुसत्या डोळ्यांना दिसतात. काही अशा असतात, की त्या बोटांनी चाचपल्यावरच कळतात.

या गाठीतील रक्तपुरवठा निरोगी थरासारखा नसतो आणि तंतुमय भाग वाढलेला असतो. त्यामुळे इन्शुलिनचे शोषण मंद आणि लहरी होते. आज अर्धेच पोहोचते, उद्या उशिरा पोहोचते, परवा दुपारच्या जेवणासाठी घेतलेला डोस संध्याकाळी काम करू लागतो. जर्मनीत ‘टाइप १’च्या १३ रुग्णांवर झालेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने बोलका आहे. त्याच रुग्णांना, तेच इन्शुलिन, त्याच मात्रेत कधी गाठीत तर कधी निरोगी जागी देण्यात आले. गाठीत दिलेले इन्शुलिन रक्तात कमी पोहोचले आणि जेवणानंतरची साखर अधिक चढली. शिवाय प्रत्येक वेळी मिळणाऱ्या परिणामातील तफावतही गाठीच्या बाबतीत कित्येक पटींनी जास्त आढळली.

गाठीचा दुसरा स्वभाव अधिक घातक म्हणावा लागेल. तेथे सुई टोचल्याचे दुखणे कमी जाणवते. त्यामुळे रुग्णाचा हात आपोआप पुन्हा त्याच ठिकाणी जातो. लहान मुले तर ‘इथेच दे’ असा हट्टच धरतात आणि आईलाही मुलाला कमी दुखते याचे समाधान वाटते. उजव्या हाताने टोचणाऱ्याला पोटाची एकच बाजू सोयीची वाटते. साडी नेसणाऱ्या स्त्रीला निऱ्यांच्या वरचा पट्टाच तेवढा चटकन मोकळा करता येतो. कचेरीत डबा खाण्यापूर्वी घाईघाईने टोचणाऱ्याला शर्टाचे एकच बटण काढणे परवडते. या सोयींतूनच गाठ वाढत जाते.

पंधरा युनिटचा फरक

हा प्रकार क्वचित घडणारा नाही. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात इन्शुलिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांत अशा गाठी आढळल्याचे नमूद आहे.

स्पेनमधील ४३० रुग्णांची एक पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात हे प्रमाण ६४ टक्के इतके होते. गाठी असलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना कारण न कळता वारंवार साखर उतरण्याचा त्रास होत होता. गाठी नसलेल्यांत हे प्रमाण केवळ ६ टक्के होते. साखरेतील मोठे चढउतार गाठी असलेल्यांपैकी ४९ टक्क्यांत, तर गाठी नसलेल्यांपैकी ६ ते ७ टक्क्यांत दिसले. जागा योग्य रीतीने बदलत राहणाऱ्यांपैकी फक्त ५ टक्के लोकांना गाठी होत्या. याउलट, गाठी असलेल्यांपैकी ९८ टक्के जण जागा बदलत नव्हते किंवा चुकीच्या पद्धतीने बदलत होते.

याच पाहणीत गाठी असलेले रुग्ण दिवसाला सरासरी ५६ युनिट, तर नसलेले ४१ युनिट इन्शुलिन घेत होते. दिवसाला १५ युनिटचा फरक म्हणजे महिन्याला ४५० युनिट. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलिलिटर या प्रमाणाची १० मिलिलिटरची जी कुपी मिळते, तिच्यात ४०० युनिट असतात. म्हणजे हा फरक महिन्याला एका कुपीहून अधिक झाला. पेनमध्ये बसणाऱ्या ३०० युनिटच्या कार्ट्रिजच्या हिशेबाने पाहिले तर दीड कार्ट्रिज. दोन गटांच्या सरासरीवरून एखाद्या व्यक्तीचा नेमका हिशेब मांडता येत नाही, हे खरे. तरीही खिशातून पैसे घालून औषध घेणाऱ्या आपल्या रुग्णांच्या दृष्टीने या आकड्याचा अर्थ स्पष्ट आहे.

पहिल्या रुग्णापासूनचा प्रश्न

टोचण्याच्या जागेची अडचण इन्शुलिनइतकीच जुनी आहे. कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ मध्ये स्वादुपिंडाचा अर्क काढण्यात यश मिळवले. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला तो प्रथम टोचण्यात आला. अर्क अशुद्ध होता. साखर फारशी उतरली नाही आणि टोचलेल्या एका जागी गळू मात्र झाले. जेम्स कोलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केल्यावर २३ जानेवारीपासून उपचार पुन्हा सुरू झाले आणि त्या मुलाची प्रकृती सुधारली.

त्यानंतरची अनेक दशके इन्शुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडापासून मिळवले जात असे. त्यातील अशुद्ध घटकांना शरीराची प्रतिकारयंत्रणा विरोध करी आणि टोचलेल्या जागची चरबी विरघळून खड्डे पडत. याला ‘लायपोअ‍ॅट्रॉफी’ असे नाव आहे. पुढे शुद्धीकरण सुधारले आणि जनुकतंत्राने बनवलेल्या मानवी इन्शुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आता असे खड्डे क्वचितच दिसतात. उंचवटे मात्र गेले नाहीत. कारण ते औषधातील अशुद्धीमुळे नव्हे, तर इन्शुलिनच्या स्वतःच्या गुणधर्मामुळे आणि टोचण्याच्या सवयीमुळे होतात. औषध कितीही शुद्ध असले, महाग असले, तरी सवय बदलल्याशिवाय त्यांना आळा बसत नाही.

२०२० मध्ये आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधले गेले. ब्रिटनच्या औषध नियामक यंत्रणेने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये डॉक्टरांना सावध केले, की एकाच जागी टोचत राहिल्यास तेथे इन्शुलिनचेच प्रथिन साचून ‘अमायलॉइड’ नावाचा घट्ट गोळा तयार होऊ शकतो. तो चरबीच्या गाठीसारखाच भासतो आणि इन्शुलिनच्या शोषणात तसाच अडथळा आणतो. मात्र टोचणे थांबवले तरी तो सहसा विरत नाही. यावरचा प्रतिबंधक उपायही तोच, म्हणजे जागा बदलत राहणे.

चार जागा, चार गती

इन्शुलिनसाठी शरीराचे चार भाग योग्य मानले जातात. पहिला भाग पोटाचा. बेंबीभोवतीची साधारण दोन बोटे जागा सोडून दोन्ही बाजूंना आणि खाली टोचता येते. दुसरा मांड्यांचा, मांडीच्या वरच्या भागात, पुढून आणि बाहेरच्या बाजूने. आतल्या बाजूला आणि गुडघ्याजवळ टोचू नये. तिसरा भाग दंडाच्या मागच्या बाजूचा, खांदा आणि कोपर यांच्या मधला. येथे स्वतःच्या हाताने टोचणे अवघड असते. घरातील दुसऱ्या कोणी मदत केली तर बरे. चौथा भाग नितंबांचा, वरचा आणि बाहेरचा.

या चारही भागांतून इन्शुलिन सारख्या वेगाने शोषले जात नाही. साधे इन्शुलिन पोटातून सर्वांत लवकर, दंडातून त्याहून काहीसे सावकाश, मांडी व नितंबातून सर्वांत सावकाश रक्तात जाते. नव्या प्रकारच्या इन्शुलिनमध्ये हा फरक बराच कमी असतो. म्हणून जेवणाआधीचे साधे इन्शुलिन पोटावर घेणे इष्ट ठरते. मध्यम काळ चालणारे दुधाळ इन्शुलिन रात्री घेतल्यानंतर झोपेत साखर उतरण्याची भीती असेल, तर डॉक्टर ते मांडीवर किंवा नितंबावर घ्यायला सांगतात.

शोषणाचा वेग इतर कारणांनीही बदलतो. मांडीत इन्शुलिन टोचून लगेच भरभर चालायला गेले, तर पायांतील वाढलेल्या रक्तप्रवाहामुळे ते लवकर काम करू लागते. कडकडीत पाण्याची अंघोळ, टोचलेली जागा चोळणे किंवा शेकणे यांचाही तसाच परिणाम होतो. पहाटे फिरायला जाण्याचा नेम असलेल्यांनी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

जागा बदलायची कशी?

‘जागा बदला’ असे सांगितले की अनेक जण सकाळी पोटावर, दुपारी मांडीवर, रात्री दंडावर अशी मनाला येईल तशी अदलाबदल करतात. हीदेखील चूकच. शोषणाचा वेग भागागणिक वेगळा असल्याने अशा अदलाबदलीत साखरेचे गणित रोज विस्कटते. साखर का चढली वा का उतरली, याचा मागही मग लागत नाही.

योग्य पद्धत अशी. दिवसाच्या ठराविक वेळेचे इन्शुलिन शरीराच्या ठराविक भागातच घ्यावे. मात्र त्या भागातील टोचण्याचा बिंदू प्रत्येक वेळी बदलावा. उदाहरणार्थ, सकाळचा डोस नेहमी पोटावर आणि रात्रीचा नेहमी मांडीवर. रात्रीच्या डोसासाठी एक आठवडा उजवी मांडी वापरावी आणि एक आठवडा डावी.

पोटासाठी सोपी युक्ती आहे. बेंबीतून एक आडवी आणि एक उभी रेघ गेली आहे, अशी कल्पना करावी. पोटाचे चार भाग होतील. एका आठवड्यात एकच भाग वापरावा आणि पुढच्या आठवड्यात घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, प्रदक्षिणा घातल्याप्रमाणे, शेजारच्या भागाकडे जावे. त्या भागातही आजची सुई कालच्या सुईपासून किमान एक सेंटीमीटर, म्हणजे साधारण एका बोटाच्या रुंदीइतकी दूर असावी. असे केल्यास एका भागाकडे परत यायला तीन आठवडे जातात आणि त्वचेखालील थराला सावरायला अवधी मिळतो.

जागा पुरेल का, अशी शंका काहींना येते. दिवसातून दोनदा पोटावर टोचणाऱ्याला एका आठवड्यात १४ बिंदू लागतात. केवळ पाच सेंटीमीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनात एकेक सेंटीमीटर अंतर ठेवून २५ बिंदू सहज बसतात. दिवसातून चार वेळा टोचावे लागत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दीर्घकाळ चालणारे इन्शुलिन मांडीकडे वळवून पोटावरील भार कमी करता येतो.

कालची सुई कोठे टोचली होती, हे आठवत नाही, ही नेहमीची तक्रार. त्यावर वहीचाच उपाय आहे. साखरेच्या आकड्याशेजारी ‘पोट, वर उजवे’ असे दोन-तीन शब्द लिहिले की पुरे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक रविवारच्या चौकोनात त्या आठवड्याचा भाग लिहून ठेवला, तर घरातील कोणालाही तो दिसतो आणि चूक झाल्यास टोकता येते.

बोटांनी घ्यायची परीक्षा

गाठी ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. अंघोळीच्या वेळी साबणाचा फेस लावून टोचण्याच्या सर्व जागांवरून बोटांची टोके हलका दाब देत गोलाकार फिरवावीत. फेसामुळे बोट घसरते आणि लहानसा उंचवटाही जाणवतो. ही तपासणी एकदा उभे राहून आणि एकदा आडवे पडून करावी, कारण काही गाठी एकाच स्थितीत कळतात. मग चिमटीत कातडी धरून पाहावी. निरोगी जागी ती पातळ घडी होऊन येते. गाठीवर ती जाड येते किंवा धरताच येत नाही. आरशात तिरक्या प्रकाशात पाहिले तर उंचवट्याची सावलीही दिसते.

महिन्यातून एकदा ही स्वपरीक्षा करावी आणि वर्षातून किमान एकदा डॉक्टरांकडून किंवा प्रशिक्षित परिचारिकेकडून तपासून घ्यावे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर अहवालाचे आकडे पाहतात. पोट तपासायचे राहून जाते. अशा वेळी ‘माझ्या टोचण्याच्या जागा एकदा हाताने तपासून पाहता का?’ असे रुग्णाने किंवा सोबतच्या नातेवाइकाने स्वतः विचारण्यात संकोच बाळगू नये. साखर अकारण वरखाली होत असेल तर मात्रा वाढवण्यापूर्वी हा प्रश्न विचारणे अधिकच अगत्याचे.

गाठ सोडताना सावधान!

गाठ आढळली की तेथे टोचणे बंद करायचे, हे ओघानेच आले. पण येथेच सर्वांत मोठा धोका आहे आणि त्याची कल्पना फार थोड्यांना असते.

समजा, एखाद्या गृहस्थांना गाठीत टोचत राहिल्यामुळे हळूहळू ५० युनिटपर्यंत जावे लागले. त्यातील काही भाग रक्तात नीट पोहोचतच नव्हता. आता त्यांनी तेच ५० युनिट निरोगी जागी टोचले, तर त्यातील अधिक इन्शुलिन अधिक वेगाने रक्तात उतरेल आणि साखर झपाट्याने खाली येईल. २०१५ मध्ये रोम येथे ५४ देशांतील १८३ तज्ज्ञांनी एकत्र येऊन टोचण्याच्या पद्धतीविषयी शिफारशी केल्या. त्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. गाठ सोडून निरोगी जागी जाताना मात्रा कमी करावी लागते आणि ही घट अनेकदा मूळ मात्रेच्या २० टक्क्यांहून अधिक असते, असे त्यांत बजावले आहे. प्रत्येकाचे प्रमाण वेगळे असल्याने नेमकी घट डॉक्टरांनीच ठरवायची असते.

म्हणून गाठ सापडल्यावर प्रथम डॉक्टरांना कळवावे, मात्रा ठरवून घ्यावी आणि मगच जागा बदलावी. पुढील काही आठवडे साखर नेहमीपेक्षा अधिक वेळा तपासावी. प्रत्येक जेवणाआधी आणि झोपण्यापूर्वी ती पाहावीच. डॉक्टरांनी सांगितल्यास पहाटे तीनच्या सुमारासही. दरदरून घाम येणे, हात थरथरणे, छातीत धडधडणे, एकदम भूक लागणे, बोलण्यात गोंधळ होणे ही साखर उतरल्याची लक्षणे आहेत. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

हाच प्रसंग नकळतही ओढवू शकतो. रुग्ण दुसऱ्याच आजारासाठी रुग्णालयात दाखल होतो, परिचारिका चिठ्ठीवरील मात्रा त्याच्या दंडात देते, किंवा गावी गेल्यावर एखादा नातेवाईक मदत म्हणून वेगळ्या जागी टोचतो. मात्रा तीच असते. जागा बदललेली असते. अशा रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी गाठीची माहिती रुग्णालयात आवर्जून सांगितली पाहिजे.

सोडलेल्या गाठी लगेच जात नाहीत. त्यांना विरायला काही आठवड्यांपासून अनेक महिने लागतात आणि काही जुन्या गाठी त्याहून अधिक काळ टिकतात. तोपर्यंत त्या जागेला विश्रांती द्यावी. गाठीची कडा ओळखू यावी म्हणून डॉक्टर पेनाने तिच्याभोवती खूण करून देतात. हवी तर ती खूण मोबाइलच्या छायाचित्रात जपून ठेवावी.

सुई एकदाच, तीही आखूड

जागा बदलण्याइतकीच सुईची निवडही महत्त्वाची आहे. काटकसर म्हणून एकच सुई आठवडाभर वापरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आढळते. प्रत्येक वापरागणिक सुईचे टोक बोथट होते, तिच्यावरील वंगणाचा थर जातो आणि त्वचेखालील जखम वाढते. गाठी आणि सुईचा पुनर्वापर यांचा संबंध अनेक पाहण्यांत दिसून आला आहे. सुया कंपनीने एकदाच वापरण्यासाठी बनवलेल्या असतात. खर्चाची अडचण असेल तर ती लपवून न ठेवता डॉक्टरांशी बोलावे. एकाची सुई किंवा पेन दुसऱ्याने कदापि वापरू नये. सुई बदलली तरी पेन दोघांत वापरल्यास कावीळ ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता राहते.

लठ्ठ माणसाला लांब सुई लागते, हा समज चुकीचा आहे. त्वचेची जाडी बारीक आणि लठ्ठ माणसांत फारशी वेगळी नसते. ती सरासरी दोन ते अडीच मिलिमीटर असते. पेनची चार मिलिमीटरची सुई सरळ टोचली तर ती बहुतेक सर्व प्रौढांना पुरते. लहान मुले व अतिशय कृश व्यक्ती यांच्या बाबतीत मात्र कातडी हलकेच चिमटीत धरून टोचावे. नाहीतर सुई स्नायूत जाण्याचा संभव असतो. पेनचे बटण पूर्ण दाबल्यावर मनात दहापर्यंत मोजून मगच सुई बाहेर काढावी. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या झाकणबंद डब्यात टाकावी. ती मोकळी कचऱ्यात गेली तर सफाई कामगाराच्या हाताला टोचते.

इन्शुलिन पंप वापरणाऱ्यांनाही या नियमांतून सूट नाही. त्वचेखाली बसवलेली नळी दर दोन-तीन दिवसांनी बदलताना ती जुन्या जागेपासून दूर बसवावी लागते. वृद्धांच्या बाबतीत टोचण्याचे काम बहुधा मुलगा, सून किंवा मुलगी करते. त्यांनी सोयीचा एकच दंड न धरता दोन्ही दंड आळीपाळीने वापरावेत आणि बिंदूही बदलत राहावा. गरोदर स्त्रियांना पोटावर टोचण्याची भीती वाटते. चरबीच्या थरात घेतलेल्या आखूड सुईने बाळाला इजा होत नाही. तरीही शेवटच्या महिन्यांत पोटाच्या कडेच्या बाजूंना, कातडी चिमटीत धरून टोचणे अधिक सोयीचे. त्याविषयी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

इन्शुलिनच्या उपचारांत खर्चिक गोष्टी पुष्कळ आहेत. जागा बदलण्याला मात्र एक पैसाही पडत नाही. आज रात्रीचा डोस घेण्यापूर्वी नेहमीच्या जागेवरून एकदा बोटे फिरवून पाहावीत. काही हाताला लागले नाही तर उद्यापासून भाग ठरवून वहीत नोंद सुरू करावी. उंचवटा लागला तर घाईने जागा न बदलता आधी डॉक्टरांना दूरध्वनी करावा आणि पुढच्या भेटीत साखरेच्या अहवालाबरोबर ती जागाही दाखवावी.